कार्डाला स्वतःचा आवाज ऐकू येतो का? ईथरनेटमधलं कोलिजन आणि लूपबॅक

प्रश्न थोडक्यात असा आहे. ॲपलच्या लॅपटॉपवर इंटरफेसचे (नेटवर्क जोडणीचे) फ्लॅग, म्हणजे गुणधर्मांच्या खुणा, बघताना विचारणाऱ्याला 'सिम्प्लेक्स' हा शब्द दिसला. कार्ड तर फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणारं आणि घेणारं), मग हे सिम्प्लेक्स कुठून आलं? शिवाय पुस्तकात लिहिलेलं असतं की ईथरनेट कार्ड पाठवता पाठवता केबल ऐकत असतं आणि त्यावरूनच कोलिजन, म्हणजे दोघांच्या सिग्नलांची टक्कर, ओळखतं. ऐकतच असेल, तर स्वतःची फ्रेम (केबलवरून जाणारा डेटाचा तुकडा) ते परत आत का घेत नाही? शेवटी एक पुरवणी: १२७.०.०.१ ला, म्हणजे मशीनच्या स्वतःच्याच पत्त्याला, पिंग व्यवस्थित जातोय, म्हणजे कार्ड चांगलं आहे असं समजायचं ना?

पुरवणीचं उत्तर आधी देतो, कारण ते एका शब्दाचं आहे. नाही. तो पिंग कार्डापर्यंत पोचतच नाही. कार्ड स्लॉटमधून उपटून टेबलावर ठेवा, तरी तो तितक्याच ऐटीत उत्तर देईल. कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) 'एलओ' नावाचा एक निव्वळ सॉफ्टवेअरमधला इंटरफेस असतो, पॅकेट तिथूनच मागे फिरतं (असं स्वतःकडेच परत फिरवणं म्हणजे लूपबॅक). लिनक्सवर कार्डाला दिलेल्या स्वतःच्याच आयपीला पिंग केलात तरी तेच होतं. विश्वास नसेल तर पिंग चालू ठेवून दोन्ही इंटरफेसचे काउंटर बघा: वाढतो तो एलओचा, कार्डाचा जागचा हलत नाही. या पिंगने सिद्ध होतं ते एवढंच की टीसीपी/आयपीचा स्टॅक, म्हणजे नेटवर्कचं सॉफ्टवेअर, जिवंत आहे.

आता सिम्प्लेक्स. या शब्दाने बऱ्याच जणांना चकवलंय, मलाही. बीएसडी या युनिक्सच्या शाखेच्या कुळातल्या कर्नलमध्ये (ॲपलचाही त्यातलाच) या फ्लॅगचा अर्थ 'एकेरी वाहतूक' असा नाही. अर्थ असा, की या इंटरफेसला स्वतः पाठवलेलं स्वतःला ऐकू येत नाही. कर्नलला हे माहीत असावं लागतं ते ब्रॉडकास्टमुळे. ब्रॉडकास्ट म्हणजे सगळ्यांसाठी, आणि सगळ्यांमध्ये पाठवणारं मशीनही आलं. त्याच मशीनवरच्या दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामला ती फ्रेम हवी असू शकते. कार्ड स्वतःची फ्रेम परत आणून देत नसेल, तर कर्नलने एक प्रत काढून आतल्या आत फिरवायला हवी. कार्ड आणून देत असेल आणि कर्नलनेही प्रत काढली, तर एकच निरोप दोनदा मिळणार. हा घोळ टाळण्यासाठी तो फ्लॅग आहे, त्याचा डुप्लेक्सशी काही संबंध नाही. लिनक्समध्ये असा फ्लॅग दिसत नाही, पण ब्रॉडकास्टची प्रत काढण्याचं काम तिथेही कर्नलच करतो.

टीसीपीडम्प या पॅकेटं पकडून दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये तुमची जाणारी पॅकेटं दिसतात, तीही कार्डाने ऐकून आणलेली नसतात. ड्रायव्हरच्या हातात देण्याआधी कर्नल त्यांची प्रत काढून ठेवतो. म्हणूनच जाणाऱ्या पॅकेटांचा चेकसम (डेटा बिघडला का हे तपासायचा आकडा) चुकीचा दिसतो आणि नवी मुलं घाबरतात. तो चेकसम कार्ड भरणार असतं, आणि प्रत त्याच्या आधीची आहे.

मग कार्डाला खरंच ऐकू येत नाही, की ऐकू येऊनही ते दुर्लक्ष करतं? याचं उत्तर केबलप्रमाणे बदलतं, आणि कोलिजनची सगळी गोष्ट याच एका फरकात आहे.

जुन्या कोॲक्स केबलवर (मधे एक तार, भोवती कवच) ऐकू येत होतं, अगदी शब्दशः. झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या संशोधन केंद्रात १९७३ मध्ये मेटकाफ आणि बॉग्ज यांनी ईथरनेट सुरू केलं तेच मुळी एका सामायिक केबलवर. पुढे १० मेगाबिटच्या जाड आणि पातळ कोॲक्सवरही सगळी मशीनं एकाच तांब्याच्या तारेला लटकलेली असायची. तुम्ही पाठवलेला सिग्नल तारेवर उमटतो आणि तुमचाच रिसीव्हर त्याच तारेला जोडलेला असतो, त्यामुळे स्वतःचा आवाज कानावर येणारच. कार्डावरची पाठवणं-घेणं सांभाळणारी कंट्रोलर चिप त्यावरून एक गोष्ट तपासून घ्यायची: मी बोलतोय, पण तारेवर आवाजच नाही असं तर नाही ना? तसं असेल तर 'कॅरियर लॉस्ट' ही चूक नोंदवायची. मात्र ती फ्रेम वर मेमरीत चढवायची नाही. बहुतेक कंट्रोलर बोलताना घेण्याचं काम बंद ठेवायचे. म्हणजे कान उघडे, पण ऐकलेलं लिहून घ्यायचं नाही.

आता कोलिजन. पुष्कळांची समजूत अशी असते की कार्ड पाठवलेले बिट आणि ऐकलेले बिट जुळवून बघतं आणि फरक पडला की कोलिजन ओरडतं. कोॲक्सवर तसं होत नाही. तिथे मोजतात तो डीसी व्होल्टेज. पाठवणारा ट्रान्सीव्हर (कार्डाचा तारेला थेट जोडलेला भाग) तारेतून सरासरी ४१ मिलिअँपिअरच्या आसपास करंट ओढतो. बिट तारेवर मांडायच्या मँचेस्टर पद्धतीत प्रत्येक बिटाचा अर्धा भाग वर आणि अर्धा खाली असल्यामुळे डेटा काहीही असो, ही सरासरी तेवढीच राहते. केबलच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर (टोक बंद करणारे रोध) असतात आणि मधल्या कार्डाला ते समांतर दिसतात, म्हणजे २५ ओहम. ४१ मिलिअँपिअर गुणिले २५ ओहम, म्हणजे साधारण एक व्होल्ट (ऋण बाजूला). एक जण बोलतोय तोवर तारेची सरासरी उणे एकच्या आसपास, दोघं बोलले की उणे दोनकडे. उंबरठा ठेवलाय तो साधारण दीड व्होल्टवर. तो ओलांडला की ट्रान्सीव्हर तारांच्या वेगळ्या जोडीवरून कंट्रोलरला १० मेगाहर्ट्झचा सिग्नल देतो: टक्कर झाली.

पातळ कोॲक्सच्या एनई २००० जातीच्या कार्डावर हे काम नॅशनल सेमिकंडक्टरची डीपी ८३९२ चिप करायची. बीएनसी कनेक्टरच्या मागेच ती बसलेली असायची, शेजारी एक काळा चौकोनी डीसी-डीसी कन्व्हर्टर. चिपला उणे ९ व्होल्ट लागायचे आणि तेही कॉम्प्युटरच्या ग्राउंडपासून वेगळे ठेवून. जुनं कार्ड हाती लागलं तर जरूर बघा.

हे गणित माहीत असल्याचा मला एकदा चांगला उपयोग झाला. एका कॉलेजच्या लॅबमध्ये वीसेक मशीनं पातळ कोॲक्सवर होती आणि एके सकाळी सगळीच आंधळी झाली. सर्व्हर दोनदा रीस्टार्ट करून झाला होता, ड्रायव्हर पुन्हा टाकून झाले होते. मी सगळी मशीनं बंद करायला लावली आणि एका टी-जोडाच्या मधल्या पिनवर आणि बाहेरच्या कवचावर मल्टिमीटर धरला. २५ ओहमच्या जरा वर यायला हवे होते, आले ५०. एका बाजूचा टर्मिनेटर गायब होता. रंगकामासाठी कोणीतरी शेवटचं मशीन हलवलं होतं, टी-जोड आणि टर्मिनेटरसकट. आता हिशोब करा: ४१ मिलिअँपिअर गुणिले ५० ओहम, म्हणजे दोन व्होल्ट. एकटंच कार्ड बोललं तरी त्याच्या ट्रान्सीव्हरला वाटायचं दोघं बोलताहेत. वर उघड्या टोकावरून परतणारा प्रतिध्वनी वेगळाच. प्रत्येक मशीन स्वतःशीच टक्कर खात होतं. मीटर शून्याच्या जवळ गेला असता तर केबल कुठेतरी शॉर्ट आहे असं समजायचं, आणि तेव्हा कोलिजनऐवजी 'कॅरियर लॉस्ट' दिसलं असतं, कारण स्वतःचाही आवाज ऐकू आला नसता.

कोलिजन कळल्यावर कार्ड लगेच गप्प बसत नाही. आधी ३२ बिटांचा जॅम पाठवतं, म्हणजे दुसऱ्यालाही टक्कर झाल्याचं नक्की कळावं. मग थांबतं. किती? पहिल्या टकरीनंतर शून्य किंवा एक स्लॉट, दुसऱ्यानंतर शून्य ते तीन, अशी दुप्पट होत दहाव्या टकरीपासून शून्य ते १०२३. सोळा प्रयत्न फसले की फ्रेम सोडून देतं आणि वर तक्रार करतं. एक स्लॉट म्हणजे ५१२ बिटांचा वेळ, १० मेगाबिटवर ५१.२ मायक्रोसेकंद. ईथरनेटची फ्रेम ६४ बाइटपेक्षा लहान नसते ती याचमुळे, ६४ गुणिले ८ म्हणजे ५१२. सर्वांत लांबच्या दोन मशीनांमध्ये सिग्नल जाऊन टकरीची बातमी परत येईपर्यंत पाठवणारा बोलतच असला पाहिजे, नाहीतर टक्कर झाल्याचं त्याला कळणारच नाही. पातळ केबलवर एक बिट सुमारे २० मीटर लांब असतो, म्हणजे १८५ मीटरच्या पूर्ण तुकड्यात एका वेळी दहा बिटही मावत नाहीत. मग ५१२ कशाला? तो आकडा चार रिपीटर (सिग्नल ताजा करून पुढे पाठवणारे डबे) घालून अडीच किलोमीटरपर्यंत वाढवलेल्या सगळ्यात मोठ्या जाळ्यासाठी धरलेला आहे.

मग आली वळवलेल्या जोड्यांची केबल, टेन-बेस-टी, १९९० ची. पिन १ आणि २ वर पाठवायचं, ३ आणि ६ वर घ्यायचं. इथे स्वतःचा आवाज ऐकू येण्याचा प्रश्नच संपला, कारण हब (सगळ्या केबली जिथे येतात तो डबा) तुमची फ्रेम तुमचं पोर्ट सोडून बाकी सगळीकडे पाठवतो. पण कंट्रोलर चिपा कोॲक्सच्या काळातल्या होत्या. बोलताना आवाज आला नाही की त्या 'कॅरियर लॉस्ट' म्हणून ओरडणार. मग मानकानेच एक युक्ती करून ठेवली: हाफ डुप्लेक्समध्ये (एका वेळी एकानेच बोलायचं तेव्हा) ट्रान्सीव्हरने जाणारा डेटा आतल्या आत येणाऱ्या बाजूला वळवायचा. हा लूपबॅक टेस्टिंगसाठी नव्हता, चिपची समजूत काढण्यासाठी होता. तार कोॲक्सची नाही हे तिला कळूच द्यायचं नाही.

कोलिजनची व्याख्याही बदलली. व्होल्टेज मोजायचं काही कारण उरलं नाही. मी पाठवतोय आणि त्याच वेळी येणाऱ्या जोडीवर हालचाल दिसतेय, म्हणजे कोलिजन. गंमत बघा, तारेवर काहीच आदळत नाही, दोन्ही जोड्या स्वच्छ असतात. टक्कर होते ती हबच्या पोटात, आणि हब सगळ्या पोर्टांवर जॅम पाठवून ती जाहीर करतो. १०० मेगाबिटलाही हेच. फाय चिप (तारेकडचा भाग) 'सीओएल' नावाच्या पिनवर मॅकला (फ्रेम सांभाळणाऱ्या कंट्रोलरला) कळवते. पुढे पिना वाचवण्यासाठी आलेल्या आरएमआयआय या मॅक आणि फायमधल्या जोडणीत ती पिनही काढून टाकली. 'मी पाठवतोय' आणि 'कॅरियर आहे' या दोन सिग्नलांचा अँड घेऊन (दोन्ही एकदम असतील तर टक्कर) मॅक स्वतःच काय ते ठरवतो.

मग फुल डुप्लेक्समध्ये काय? काहीच नाही. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलणं हाच तिथला नियम. वर सांगितलेला खोटा लूपबॅक बंद, सीओएलकडे मॅक ढुंकूनही बघत नाही, बॅकऑफ (टकरीनंतरचं थांबणं) नाही. १९९७ च्या ८०२.३एक्स मानकाने हे अधिकृत केलं. आज तुमच्या टेबलावरचं कार्ड या अवस्थेत असतं, म्हणजे कोलिजन ओळखण्याची यंत्रणा त्यात असली तरी झोपलेली असते. गिगाबिटला हाफ डुप्लेक्स कागदावर आहे, त्यासाठी स्लॉट ५१२ बाइटपर्यंत वाढवला होता. पण गिगाबिट हब मी आजवर पाहिलेला नाही. १० गिगाबिटच्या मानकाने २००२ मध्ये हाफ डुप्लेक्स सोडूनच दिलं.

तांब्यावरच्या गिगाबिटमध्ये मात्र स्वतःचा आवाज पुन्हा कानात येतो. चारही जोड्यांवर दोन्ही दिशांचे सिग्नल एकाच वेळी धावतात, त्यामुळे फायला समोरच्याच्या आवाजात मिसळलेला स्वतःचा आवाज सतत ऐकू येतो. मी काय बोललो हे तिला माहीत असल्याने ती तो वजा करते आणि उरलेलं ऐकते. कोॲक्सवर ज्याला टक्कर म्हणायचे, तीच इथली रोजची अवस्था.

कोलिजनचा काउंटर आज वाढताना दिसला तर तो बहुधा डुप्लेक्सच्या बेबनावाचा पुरावा असतो. एका छोट्या पतसंस्थेत रात्रीचा बॅकअप सकाळी माणसं कामावर आली तरी संपत नव्हता. पिंग एकही न गळता जायचा, त्यामुळे नेटवर्क ठीक आणि बॅकअपचं सॉफ्टवेअर खराब असा निकाल लागून गेला होता. सर्व्हरचं कार्ड कोणीतरी '१०० फुल' असं ठोकून बसवलेलं, स्विचचा पोर्ट ऑटोवर, म्हणजे वेग आणि डुप्लेक्स समोरच्याशी वाटाघाटी करून ठरवणारा. ऑटो बाजूला समोरून वाटाघाटीचे पल्स आलेच नाहीत. सिग्नलवरून वेग १०० आहे हे कळतं, डुप्लेक्स कळायला काही मार्ग नसतो, आणि अशा वेळी हाफ धरायचं असा नियमच आहे. आता सर्व्हर मनात येईल तेव्हा बोलतो, स्विच मात्र पाठवताना काही आलं की त्याला टक्कर समजून फ्रेम अर्ध्यात तोडतो. स्विचकडे लेट कोलिजन, सर्व्हरकडे सीआरसीच्या (फ्रेम बिघडली का हे तपासणाऱ्या आकड्याच्या) चुका आणि अर्धवट फ्रेमा. पिंग का चालतो? एक लहान पॅकेट जातं, मग एक येतं, दोघं एकाच वेळी बोलतच नाहीत. मोठी फाइल जाताना एकीकडून डेटा आणि दुसरीकडून पोच एकाच वेळी धावतात, तिथे सगळं कोसळतं.

लेट कोलिजन म्हणजे पहिल्या ५१२ बिटांनंतर झालेली टक्कर. नियमाने बांधलेल्या जाळ्यात ती होऊच शकत नाही. दिसली तर केबल प्रमाणाबाहेर लांब आहे किंवा डुप्लेक्स जुळलेलं नाही. ती झाल्यावर बहुतेक कार्डं पुन्हा प्रयत्न करत नाहीत, फ्रेम गेली ती गेली, आणि टीसीपी वेळ संपेपर्यंत वाट बघत बसतो. उपाय एकच, दोन्ही बाजू ऑटोवर ठेवा. 'फिक्स केलं की पक्कं' ही जुन्या लोकांची सवय तांब्यावरच्या गिगाबिटला चालतही नाही, तिथे ऑटो हवंच.

कोलिजन पूर्ण इतिहासजमा झालं असं मात्र समजू नका. गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करत असाल तर टेन-बेस-टी-वन-एस भेटेलच, ८०२.३सीजी मानकामधलं, २०१९ चं. एकच जोडी, २५ मीटर, किमान आठ नोड, पुन्हा सामायिक तार. तिथे पीएलसीए नावाची पाळी लावणारी व्यवस्था असते. तुमची पाळी नसताना मॅक बोलायला लागला तर ती त्याला सीओएलचा खोटा इशारा देऊन थोपवते, पाळी आली की सोडते. झोपलेली ती जुनी यंत्रणा इथे लगाम म्हणून वापरली आहे.

आता तुमचं कार्ड खरंच तपासायचं असेल तर लूपबॅक कुठे लावायचा ते ठरवा, कारण लूप जिथे लागतो तिथपर्यंतचंच तपासलं जातं. डीपी ८३९० या जुन्या कंट्रोलर चिपमध्ये याच्या तीन पायऱ्या होत्या: चिपच्या आत, पुढच्या मँचेस्टर एन्कोडरमधून आणि थेट केबलवरून. तीही मुळात एका वेळी एकच काम करणारी चिप. पाठवणं आणि घेणं दोन्ही करताना तिला फिफो (डेटा तात्पुरता ठेवायची जागा) अर्धा अर्धा वाटावा लागायचा, सीआरसीचं गणित करणारा भाग एकच, म्हणून एका फेरीत तो बनवायचा नाहीतर तपासायचा. चिपच्या आतल्या लूपबॅकमध्ये कॅरियर आणि कोलिजनच्या पिनांवर झाकण असल्याने 'कॅरियर लॉस्ट'चा बिट नेहमीच चढलेला दिसायचा, आणि त्यावरून चांगली कार्डं फेकलेली मी पाहिली आहेत. एएमडीच्या लान्स चिपमध्ये तर मुद्दाम टक्कर घडवण्याचाही बिट होता: आतल्या लूपबॅकमध्ये तो चढवला की सोळा प्रयत्न होऊन हार मानल्याची नोंद यायलाच हवी. आली नाही तर टक्कर ओळखणारा भागच मेलेला.

आजच्या फायमध्ये हेच रजिस्टर शून्यात (सेटिंगच्या पहिल्या खान्यात) आहे. बिट १४ लूपबॅक, बिट ७ कोलिजन टेस्ट. लूपबॅकमध्ये सीओएल गप्प असतो, तो उठवायचा असेल तर बिट ७ चढवावा लागतो. लिनक्सवर ईथटूल या कमांडची ऑफलाइन सेल्फ-टेस्ट बऱ्याच ड्रायव्हरांत मॅकचा किंवा फायचा लूपबॅक करून बघते. ती चालू असताना लिंक तुटते, तेव्हा ज्या मशीनवर त्याच कार्डातून दुरून लॉगिन केलंय तिथे ती चालवू नका. मी चालवली आहे.

सेल्फ-टेस्ट पास झाली तरी ट्रान्सफॉर्मर आणि आरजे-४५ चं (केबल घालायचं) तोंड तपासलेलं नसतं. त्यासाठी पिना आपसात जोडलेला प्लग करा: १ ला ३, २ ला ६, गिगाबिटसाठी वर ४ ला ७ आणि ५ ला ८. १०० मेगाबिटवर एवढ्याने लिंकचा दिवा बहुधा लागतो. गिगाबिटवर लागला नाही म्हणून कार्ड खराब ठरवू नका. तिथे एक बाजू मास्टर आणि दुसरी स्लेव्ह ठरावी लागते, आणि प्लगमध्ये दोन्ही बाजू तुम्हीच. ड्रायव्हरने फायला खास टेस्ट मोडमध्ये टाकलं तरच ते जमतं. आणि तो प्लग गंमत म्हणून स्विचमध्ये घालू नका. सिस्कोचे अनेक स्विच तांब्याच्या पोर्टांवर दर १० सेकंदांनी स्वतःच्याच पत्त्यावर एक फ्रेम सोडतात (तिचा प्रकार हेक्समध्ये ९०००), आणि ती परत आली की 'लूपबॅक' असं कारण नोंदवून पोर्ट बंद करून टाकतात.